वापरणारे कोणी नाहीत

३ मार्च

आज मला काढून टाकायची नोटीस आली. मला म्हणजे मी लिहिलेल्या ड्रायव्हरला. पण अकरा वर्षं एकच काम सांभाळलेल्या माणसाला एवढा बारीक फरक करता येत नाही.

सूनबाईनं पत्र वाचून दाखवलं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम; त्यातलं फाइलींचं खातं ज्याच्या ताब्यात आहे त्या गृहस्थाचं पत्र. तो कुठे राहतो, काळा की गोरा, काही ठाऊक नाही. मी त्याला कोतवाल म्हणतो. त्यानं एक यादी जोडली होती आणि सातव्या ओळीत आमचा उद्धार होता: 'मोजे विणायच्या यंत्रांची फाइल सिस्टिम. वापरणारे कोणी नाहीत असं दिसतं. पंधरा एप्रिलपर्यंत नव्या पद्धतीत बसवली नाही तर काढून टाकू.'

वापरणारे कोणी नाहीत. याला कोणी सांगितलं? हा कोणाच्या घरी जाऊन बघून आला?

मी त्या यंत्रांच्या कंपनीत दुरुस्तीला होतो. कंपनी बुडाली, यंत्रं राहिली. त्यांच्या फ्लॉपी दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरला वाचता येत नव्हत्या, कारण कंपनीनं त्यावरची मांडणी स्वतःच्या मनानं केली आणि जाताना कोणाला सांगितली नाही. मी दीड वर्ष एकेक बाइट तपासून ती मांडणी उलगडली आणि त्या फ्लॉपी वाचणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिला. तो कर्नलमध्ये घेतला गेला. तेव्हापासून जगात जिथे जिथे कर्नल जातं तिथे माझा ड्रायव्हर जातो. मला कोणी हार घातला नाही, मी मागितलाही नाही. पण हाकलायला येणाऱ्यानं निदान आधी दार वाजवावं.

जेवण गेलं नाही. सूनबाई म्हणाली, बाबा, पत्र आहे, फाशी नाही. तिला काय जातं बोलायला.

५ मार्च

काल दिवसभर भांडण मनातच चाललं होतं. आज कोतवालाचं म्हणणं शांतपणे समजून घेतलं, म्हणजे त्यातल्या चुका दाखवता येतील.

कर्नल प्रत्येक उघडलेल्या फाइलची मेमरीत एक नोंद ठेवतं. तिला आयनोड म्हणतात; मी नोंदच म्हणेन. नोंदीचा वरचा भाग सगळ्यांना सारखा: फाइल केवढी, कोणाची, कधी बदलली. खाली थोडी जागा राखलेली असते. तिथे ज्या त्या फाइल सिस्टिमनं आपलं खाजगी लिहायचं. माझा ड्रायव्हर तिथे लिहितो की हा मोजा फ्लॉपीवर कुठून सुरू होतो, किती ओळींचा आहे, कितव्या ओळीला टाके कमी होतात. कर्नल त्यात डोकावत नाही. फार सभ्य व्यवस्था होती.

आता म्हणे ती जागा बंद. दोन वाटा ठेवल्यात. एक, नोंदीला फक्त खुंटी राहील, आपलं खाजगी सामान पिशवीत भरून खुंटीला अडकवा. दुसरी, सगळंच उलटं करा. मोठी नोंद तुम्ही तुमची बांधा आणि ती सामाईक नोंद तिच्या पोटात ठेवा. कर्नल तुमच्या हातात पोटातली नोंद देईल. तिथून अंतर मोजत मागे येऊन आपला उंबरा आपण शोधायचा.

हे सगळं कशासाठी, ते त्यानं सांगितलेलं नाही. मी सूनबाईला पत्र सांगितलं. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं आहे, लिहायला बसलो की वाक्य लंगडतं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षरही दिसत नाही, म्हणून पत्रव्यवहार तिच्याकडे. मी सांगितलं: 'तुम्ही शेंबडे होतात तेव्हापासून मी यंत्रं दुरुस्त करतोय. बाप दाखव नाही तर श्राद्ध कर. कारण द्या, नाही तर यादीतून नाव काढा.' एवढ्याशा मजकुराला ती पंधरा मिनिटं टाइप करत होती. म्हटलं, एवढं काय लिहितेस? म्हणाली, इंग्रजी लांबतं, बाबा.

८ मार्च

कोतवाल नरमला. उत्तरात लिहितो, आपल्या समंजस पत्राबद्दल आभारी आहे, आपल्यासारख्या अनुभवी माणसाचं सहकार्य मिळणार याचा आनंद आहे. सहकार्य! पण असो. दम दिला की माणूस सरळ येतो हे मी आयुष्यभर बघत आलोय. सूनबाईलाही म्हटलं, शीक जरा.

शेवटी एक प्रश्न विचारलाय. आज हा ड्रायव्हर नेमकं कोण वापरतं?

१० मार्च

मोजेवाल्या बाईंकडे गेलो. माझ्या माहितीत आता त्यांचंच यंत्र चालू आहे. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक बाक आणि उंच स्टूल, आतल्या खोलीत यंत्र आणि लोकर गुंडाळलेले कोन. बाई साधे मोजे विणत नाहीत. ज्यांचा पाय कापावा लागला आणि जे कृत्रिम पाय लावतात, त्यांच्या उरलेल्या पायावर आधी एक मोजा चढवावा लागतो. तो बिनशिवणीचा आणि अगदी मापाचा लागतो. सैल झाला तर चामडी सोलवटते, घट्ट झाला तर पाय सुजतो. बाजारात मिळणारा मोजा कोणाला होतो, कोणाला होत नाही. ज्यांना होत नाही ते बाईंकडे येतात. दोनशे एकोणीस माणसं. प्रत्येकाचं माप फ्लॉपीवर.

त्यांचा कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजतोय. सकाळी तीनदा बंद करून चालू केला की उठतो. नवा घेऊन ठेवलाय, पण नव्या कॉम्प्युटरवर जुनं कर्नल चालत नाही. नवं घालावं लागेल. आणि नव्यातून मला काढलं तर त्या फ्लॉपींचा उपयोग चहाचे कप ठेवायला.

मी म्हटलं, बाई, मला चार-पाच गिऱ्हाइकांची नावं द्या, त्या कोतवालाच्या तोंडावर मारतो. त्यांनी मशीनवरून मान वर केली नाही.

"नावं नाही द्यायची मी. पाय गेला तेव्हा पुष्कळ याद्यांत जाऊन आलेत ते. आता तुमच्या भांडणात नको."

म्हटलं, भांडण माझं नाही, तुमचं आहे. त्या म्हणाल्या, माझं असतं तर मी केलं असतं. मग चहा दिला. तोंड वाईट, चहा चांगला.

तपासायला म्हणून एक फ्लॉपी मात्र दिली. देताना दोनदा सांगितलं की तिच्या कोपऱ्यातली खिडकी बंद करायची नाही. ती सरकवून बंद केली की फ्लॉपीवर लिहिता येतं. बाई ती कायम उघडी ठेवतात.

१७ मार्च

खुंटी. आठवडाभर खुंटी. पिशवी अडकवली, फाइल उघडली, वाचली, सगळं झकास. सूनबाईला बोलावून दाखवलं. चार तासांनी कॉम्प्युटर गुदमरून बंद पडला. फाइल मिटल्यावर पिशवी खुंटीवरून काढायची असते, ती मी काढतच नव्हतो. हजारो पिशव्या तशाच पडून. दुरुस्त केलं. मग अशी एक फाइल निघाली जिला पिशवी अडकवायचीच राहिली होती. कर्नल काही विचारत नाही. खुंटीला काय आहे, आहे की नाही, कोणाचं आहे, त्याला सोयरसुतक नाही. मोकळ्या खुंटीला हात घातला की सरळ खड्ड्यात.

खुंटी बाद. पोटात घेण्याचा मार्ग धरतो.

२१ मार्च

कोतवालानं कारण दिलं. दिलं नसतं तर बरं होतं.

राखलेली जागा एकच आणि वाटेकरी तीस. कोणाची फाइल येईल ते आधी कळत नाही, म्हणून जागा सगळ्यात मोठ्या वाटेकऱ्याच्या मापाची ठेवावी लागते, प्रत्येक नोंदीत. त्यानं सगळ्यांची मापं मांडलीत. बहुतेकांचं शंभर-सव्वाशे बाइट. दुसरा नंबर दोनशे चाळीस. पहिला नंबर चारशे अठ्ठ्याऐंशी, आणि तो मी.

मी म्हटलं, हिशोब चुकला असेल. स्वतः मोजलं. चारशे अठ्ठ्याऐंशी. अकरा वर्षांपूर्वी मी मोज्याच्या टाक्यांचा अख्खा तक्ता त्यात घालून ठेवला होता. हाताशी असलेला बरा म्हणून.

म्हणजे ज्या माणसानं मोजे विणायचं यंत्र जन्मात पाहिलं नाही, त्यानं कुठेतरी आपल्या मुलीचा फोटो उघडला तरी माझ्या मोज्यासाठी चारशे अठ्ठ्याऐंशी बाइट अडवून ठेवायचे. बँकेत, विमानतळावर, सगळीकडे, अकरा वर्षं. खरं सांगायचं तर हसू आलं. जगातल्या प्रत्येक मेमरीत माझी खोली राखीव होती! राजेरजवाड्यांना हे जमलं नाही.

सूनबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, हे बाहेर कोणाला अभिमानानं सांगू नका."

कोतवालाला मात्र मी नमतं घेतलं नाही. सांगितलं, 'जागा मोठी घेतली हे कबूल, पण त्या वेळी तुम्हीच मंजूर केलीत. डोळे काय गहाण होते?' तिनं लगेच लिहून पाठवलं. अलीकडे तिचा हात पटापट चालतो.

२४ मार्च

कोतवालाचं उत्तर: प्रांजळपणाबद्दल आभार, चूक दोन्हीकडून झाली हे आपण मोठ्या मनानं म्हटलंत. मी असं कुठे म्हटलं? पण माणूस घाबरला की असंच बरळतो.

२ एप्रिल

तक्ता काढून टाकला. लागेल तेव्हा फ्लॉपीवरून वाचतो. माझं खाजगी आता बावन्न बाइट. काढताना जिवावर आलं, काढल्यावर कळलं की अकरा वर्षांत त्याचा उपयोग दोनदा झाला होता.

आता एक वाद. माझ्या मोठ्या नोंदीत कर्नलची सामाईक नोंद कुठे ठेवायची? सूनबाई म्हणते, पहिली ठेवा. मग तिचा पत्ता आणि आपला पत्ता एकच, गडबड व्हायची भीती नाही. तिचंही काम प्रोग्रॅमिंगचं, ती उगाच बोलत नाही. पण मला ते सोसेना. घर माझं, आणि दारात आधी पाहुण्याचं नाव? आधी माझे बावन्न बाइट, मग पाहुणा. नियमाप्रमाणे अंतर मोजून मागे यायचं, त्यात अवघड काय? ती म्हणाली, तुमची मर्जी. मर्जीच.

७ एप्रिल

सगळं चालतंय. अकरा ठिकाणी पत्ता काढावा लागत होता, सगळी बदलली. कोतवालाकडे रवाना. मुदतीला आठ दिवस हातात ठेवून, त्याच्या नाकावर टिच्चून.

सूनबाई उद्या कामासाठी आठवडाभर बाहेरगावी. मुलगा तर बोटीवरच. घरात मी आणि माझा विजय.

९ एप्रिल

हे लिहायला हात उठत नाही. लिहितो.

काल वाटलं, वाचून दाखवलं, आता लिहूनही बघू. बाईंच्या फ्लॉपीची खिडकी मी बंद केली. नक्कल काढायला पाच मिनिटं लागतात. काढली नाही. माझ्याच ड्रायव्हरवर मी शंका घ्यायची, हे मनाला पटलं नाही. एका मोज्याचं माप एका टाक्यानं बदललं आणि जतन केलं.

आज फ्लॉपी पुन्हा लावली. तो मोजा होता तसाच. दुसरेच चौदा गेले होते. त्यांच्या जागी कचरा.

दुपारपर्यंत कारण सापडलं. पत्ता अकरा ठिकाणी नव्हता, तेरा ठिकाणी होता. दोन ठिकाणी जुन्या काळची सवय राहून गेली होती, सामाईक नोंद आणि माझी नोंद एकाच जागी धरायची. सूनबाईचं ऐकून पाहुण्याला पुढे ठेवला असता तर ते दोन पत्तेही आपोआप बरोबर निघाले असते. मी माझं नाव पुढे काढलं, आणि लिहिणाऱ्यानं बावन्न बाइटांनी चुकून भलत्याच घरात सामान टाकलं.

चौदा माणसांचे पाय मी पुसले. कोतवालाला जमलं नसतं ते मी स्वतःच्या हातानं केलं.

१० एप्रिल

बाईंकडे गेलो. रस्त्यात दोन खोटी कारणं तयार केली होती. पोचल्यावर त्यांनी विचारलं, काय झालं, आणि मी सगळं खरं सांगून टाकलं. खिडकीसकट.

त्यांनी यंत्र बंद केलं. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"कोणकोण गेलं?" त्यांनी विचारलं. मी क्रमांक सांगितले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि प्रत्येक क्रमांकाला मान हलवत होत्या, ओळख पटल्यासारखी. मग म्हणाल्या, "माप गेलंय, माणसं आहेत. बोलावते सगळ्यांना. तुम्ही बसा आणि लिहून घ्या. आता कागदावर."

माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

१३ एप्रिल

तीन दिवस त्या बाकावर बसून मापं लिहिली. बाई टेप लावायच्या, मी आकडे लिहायचे. अकरा वर्षं यांचे आकडे माझ्या ड्रायव्हरमधून जात होते आणि मी यांतल्या एकालाही पाहिलं नव्हतं.

पहिला पोस्टमन आला. डावा पाय, गुडघ्याखाली. बाईंनी टेप लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्याचा पाय चार वर्षांत बारीक झाला होता, जुन्या मापाचा मोजा गोळा होत होता. विचारलं तर म्हणाला, दोन वर्षं टोचतंय, पण तुम्हाला कशाला त्रास. बाईंनी त्याला माझ्यादेखत असा झापला की मला बरं वाटलं. निदान आज मी एकटा नव्हतो.

चौदांपैकी नऊ जणांची मापं बदलली होती. यावरून माझी चूक चांगली ठरत नाही. बाई हे मला दोनदा म्हणाल्या.

जाताना मी पुन्हा विचारलं. नावं नकोत. काय काम करता आणि कुठला पाय, एवढंच लिहू का? या वेळी त्यांनी प्रत्येकाला स्वतः विचारलं. कोणी नाही म्हणालं नाही. एक आजी म्हणाल्या, लिही, आणि मोठ्या अक्षरात लिही.

१४ एप्रिल

उद्या मुदत संपते. सूनबाई सोळाला येणार. थांबलो तर माझा चुकीचा बदल उद्या जगभर जाईल, आणि मागे घेतला तर ड्रायव्हर जाईल. सकाळभर विचार केला. मग शब्दकोश घेऊन बसलो आणि माझ्या लंगड्या इंग्रजीत स्वतःच लिहिलं. इथे मराठीत उतरवून ठेवतो:

'मी पाठवलेला बदल घेऊ नका. तो चूक आहे. दोन ठिकाणी जुना पत्ता राहिला. त्यामुळे चौदा माणसांची मापं गेली. माझ्याकडे नक्कल नव्हती, कारण मी गर्विष्ठ आहे. माणसं अशी: पोस्टमन, डावा पाय. शाळेतली गणिताची बाई, उजवा. बेकरीवाला, उजवा. नर्स, डावा. सुतार, डावा. घड्याळजी, दोन्ही.' अशी चौदाच्या चौदा. 'तुम्ही लिहिलंत की वापरणारे कोणी नाहीत. हे कोणी नाहीत का? मला आठ दिवस द्या. द्यायचे नसतील तर ड्रायव्हर काढून टाका. पण ते वाक्य आधी खोडा. ते खोटं आहे, आणि खोट्या कारणावरून मी जाणार नाही.'

विनंती, आभार काही घातलं नाही. शब्दकोशात तेवढं शोधायला वेळ नव्हता.

१५ एप्रिल

उत्तर आलं. भिंग लावून स्वतः वाचलं. 'बदल मागे घेतला. तेवीसपर्यंत थांबतो. ते वाक्य खोडलं, लिहायलाच नको होतं. तुमची आधीची पत्रं फार गोड होती, त्यामुळे तुम्हाला हे इतकं हवं आहे असं मला कधी वाटलंच नाही.'

गोड? मी? याची कोणाशी तरी गल्लत होतेय.

१६ एप्रिल

सूनबाई आली. तिला दोन्ही पत्रं दाखवली. वाचता वाचता तिचे कान लाल झाले. मग कपडे धुवायचेत म्हणून आत गेली ती तासभर बाहेर आली नाही. प्रवास बाधला असेल.

२० एप्रिल

तेराही ठिकाणी पत्ता काढायचं काम आता एकाच ठिकाणाहून होतं. दुसरीकडे कुठे अंतर मोजायला परवानगीच नाही. सामाईक नोंद पहिली ठेवली. पाहुणा पुढे बसला म्हणून घर त्याचं होत नाही. नकलेवर शंभर वेळा लिहून पाहिलं. सूनबाईनं मुद्दाम मोडायचा प्रयत्न केला, दोन दिवस. मोडलं नाही. पाठवलं.

२४ एप्रिल

घेतलं. सातवी ओळ यादीतून गेली.

२७ एप्रिल

बाईंचा नवा कॉम्प्युटर लावला, नवं कर्नल घातलं. आधी नक्कल काढली, कागदावरची चौदा मापं फ्लॉपीवर चढवली, मग खिडकी उघडून एकेक फ्लॉपी आत सारली. दोनशे एकोणीस मापं एकेक करून पडद्यावर आली. बाईंनी सगळी मोजली, माझ्यावर विश्वास न ठेवता. मग पोस्टमनचा मोजा विणायला लावला.

तो तिथेच बसून होता. मोजा चढवला, पाय लावला, खोलीत दोन फेऱ्या मारल्या. थोडा थांबला, पुन्हा एक फेरी मारली. आणि पिशवी उचलून वाटपाला निघून गेला. उशीर झाला होता त्याला.

२ मे

आज एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. त्याच यादीतल्या चौथ्या ओळीचा मालक. रेल्वेच्या जुन्या सिग्नल यंत्रांची फाइल सिस्टिम त्यानं लिहिली आहे. मुदत जूनपर्यंत. लिहितो, माझी बहुधा कोणी वापरत नसावं, वयही झालं, सोडून देऊ का? तुम्ही कसं टिकलात?

लगेच बसलो आणि लिहिलं: 'सोडू नका. वापरणारे कोणी नाहीत असं घरात बसून ठरवू नका, चपला घाला आणि जाऊन बघा. माणसं सापडली की कोतवालाला सरळ सांगा. चावत नाही तो. चूक झाली तर तीही सांगा. नक्कल काढल्याशिवाय मूळ डिस्कला हात लावलात तर तुमच्यासारखा मूर्ख तुम्हीच.'

सूनबाई बाजूलाच भाजी निवडत होती. म्हणाली, द्या बाबा, मी टाइप करून देते. मी स्वतःच पाठवलं. तिनं ते गोड केलं असतं.